मागच्या गॅरेजला नेलेली गॅस लाइन दरवर्षी का गळते आणि पाइप कुठला घ्यावा

धरमपेठ, रामदासपेठ, शंकरनगरच्या जुन्या मोठ्या प्लॉटांवर घर पुढे आणि गॅरेज पार मागच्या कोपऱ्यात, ही रचना नागपूरकरांच्या ओळखीची आहे. गाडी पोर्चमध्ये उभी राहायला लागली की मागचं गॅरेज मोकळं होतं. मग तिथे डबे सुरू होतात, पापड-कुरडया होतात, सावजी रश्श्याच्या ऑर्डरी निघतात. सिलिंडर मात्र पुढेच राहतात, कारण गाडीवाला तिथपर्यंतच आणून देतो. त्यामुळे अंगणातून पाइप टाकला जातो. टाकतो तो बहुधा पाण्याच्या लाइनचाच मिस्त्री, आणि एक-दोन पावसाळे गेले की तक्रार सुरू होते.

तक्रारी साधारण तीन तऱ्हेच्या असतात. पहिली: पावसाळा संपता संपता वास येतो, मिस्त्री सांधा आवळून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच वास. दुसरी: वास नाही, पण मागच्या शेगडीची ज्योत बारीक, दुसरा बर्नर लावला की पहिला मान टाकतो. तिसरी: फक्त डिसेंबर-जानेवारीत त्रास, एरवी सगळं ठीक. तिन्हींवर लोक एकच औषध करतात, पाइप बदलतात. कारणं मात्र तीन वेगळी आहेत, आणि पहिल्या तक्रारीत तर पाइप बदलून त्याच मार्गाने, तसेच आटे पाडून टाकला तर फक्त पुढच्या गळतीची तारीख ठरते.

वास येत असेल तर बाकी सगळं नंतर

सिलिंडरचं रेग्युलेटर बंद करा, काढा, सेफ्टी कॅप लावा. गॅरेजचं शटर-खिडक्या उघडा. विजेच्या बटणाला हात लावू नका, चालू दिवा बंद करण्यासाठीसुद्धा नाही. फोन अंगणाबाहेर जाऊन करा. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो आणि हवेत त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगी पुरते. गॅरेजच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवायचं, कारण जुन्या गॅरेजमध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा असतो. वर फळ्या टाकून त्यावर कणकेचे डबे ठेवलेले असतात, आणि खाली खड्डा तसाच. गळलेला गॅस आधी तिथे जाऊन बसतो. खड्डा असेल तर गॅस नेण्याआधी तो भरून वर काँक्रीट करा. यात तडजोड करू नका. गॅस डिटेक्टर लावायचा तर तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा. छताजवळ लावतात तो पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूसाठी, कारण तो हलका असतो. दुकानदार दोन्ही एकाच खोक्यातून काढून देतो, म्हणून विचारून घ्या.

गळती नेमकी कुठल्या तुकड्यात आहे

साबणाचं पाणी उघड्या सांध्यांवर चालतं. पुरलेल्या पाइपावर त्याचा काही उपयोग नाही, आणि वासावर भरवसा ठेवावा तर मातीत एक गंमत होते: गॅसला वास यावा म्हणून मिसळलेला पदार्थ मातीतून झिरपताना मातीतच शोषला जातो. त्यामुळे जमिनीखालची गळती जिथे आहे तिथे वास न येता भलतीकडेच, म्हणजे गटाराच्या चेंबरमध्ये किंवा घराच्या जोत्याच्या फटीत येतो. कधी अगदी मंद येतो. "वास कमी झाला" याचा अर्थ गळती कमी झाली असा घेऊ नका.

खात्रीचा उपाय म्हणजे लाइनचे तुकडे पाडून दाब बघणं. त्यासाठी घराकडच्या टोकाला एक आणि गॅरेजबाहेर एक असे दोन बॉल व्हॉल्व्ह हवेत, आणि मध्ये नळी जोडायला एक छोटी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. बहुतेक लाइनींवर यातलं काहीच नसतं. नसेल तर पहिलं काम ते करून घ्या, कारण पुढे प्रत्येक वेळी तेच कामी येणार आहे.

मीटर म्हणून गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरते. ती यू आकारात फळीवर बांधायची, अर्धी पाण्याने भरायची, पाण्यात थोडी नीळ टाकली की आकडा लांबूनही दिसतो. एक तोंड टीला, दुसरं उघडं. घरगुती रेग्युलेटरनंतरचा दाब साधारण ३० सेंटिमीटर पाण्याइतका असतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाण्यात तेवढा फरक दिसतो. हे फक्त रेग्युलेटरच्या पुढच्या कमी दाबाच्या लाइनवर करायचं. सिलिंडरचा थेट दाब त्याच्या शंभर-दोनशे पट असतो. तिथे पाणीही उडेल आणि नळीही. आणि करायचं ते गॅसचं काम येणाऱ्या माणसाकडून, आसपास जाळ नसताना.

दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले आणि उघड्या तोंडाकडचं पाणी उतरायला लागलं, तर गळती मधल्या पुरलेल्या भागात. पाणी जागचं हललं नाही पण गॅरेजात वास आहे, तर गळती गॅरेजच्या आतल्या फिटिंगमध्ये किंवा शेगडीच्या नळीत. अंगण खणायची गरजच नाही. पाणी उलट चढलं तर घराकडचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये, आधी तो बदला. ही तपासणी पहाटे करा. पाइपमधल्या वायूचं तापमान १ अंशाने जरी बदललं तरी फरक साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास हलतो. नागपूरच्या उन्हात दुपारी अकराला केलेल्या चाचणीत गळकी लाइनसुद्धा "पास" होते, कारण तापून वाढलेला दाब गळती झाकून टाकतो.

काळी माती आणि तोच तो एल्बो

मानेवाड्याच्या एका काकूंचं म्हणणं इथे जसंच्या तसं देतो, कारण तक्रार त्यात पूर्ण आली आहे: "मिस्त्री येते, पाना लावते, आवळते अन् जाते. दिवाळी आली का पुन्हा वास. पाइपच खराब असंन ना जी?"

पाइप खराब नव्हता. चांगला जाड जी.आय., म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी होता. खणल्यावर दिसलं ते असं. जोत्यापासून वीतभर अंतरावर एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, एल्बोच्या बाहेर पाइपाचे दोन-तीन आटे उघडे, आणि त्या आट्यांभोवतीची माती काळी न राहता तांबूस झालेली. बाकी पाइपावरचं जस्त अजून चकाकत होतं. हातभर पुढे मातीत पाइप नव्यासारखा, आणि या वीतभर जागेत आटे सुरीने खरवडता येतील इतके पोकळ.

नेमकं तिथेच का, याला तीन कारणं आहेत आणि तिन्ही एकाच जागी येऊन मिळतात.

आटे पाडायचं हत्यार, म्हणजे डाय, पाइपावरचं जस्त कापून काढतो. म्हणजे गंजापासून वाचवणारा थर सगळ्यात आधी सांध्यावरच जातो, आणि जाडीही तिथेच कमी होते.

दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. पाइपाचा एक भाग भिंतीच्या सिमेंटमध्ये आणि लगेच पुढचा भाग ओल्या मातीत, असं असलं की त्या दोन भागांत एक छोटी बॅटरीच तयार होते. सिमेंटमधलं लोखंड सुरक्षित राहतं आणि त्याच्या वाटचा गंज मातीतला शेजारचा भाग सोसतो. त्यात कुणी तांब्याचा पाइप थेट जी.आय.ला जोडून मातीत पुरला असेल तर लोखंड आणखी वेगाने जातं. उन्हाळ्यात इलेक्ट्रिशियनने कूलरची अर्थिंग जवळच्या "लोखंडी पाइपाला" बांधली असेल, तर तेही बघा. आपल्याकडे हा प्रकार सर्रास चालतो आणि तो पाइप गॅसचा आहे की पाण्याचा हे कुणी विचारत नाही.

तिसरं कारण माती. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या अगदी कडेला बसलंय. शहराच्या पश्चिम-दक्षिण भागातल्या कितीतरी लेआउटमध्ये दोन फूट खणलं की कापसाची काळी माती लागते. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि मे महिन्यात हात जाईल इतक्या भेगा पडून आक्रसते. घराचा पाया खोल असतो, तो हलत नाही. अंगणातला पाइप मात्र मातीबरोबर वर-खाली होतो. ताठ लोखंडी पाइप जिथे भिंतीत घट्ट रुतलेला आहे, तिथे हा सगळा मुरड पहिल्या एल्बोवर येतो. दर मोसमात थोडा थोडा. आवळलेला सांधा मातीच्या पुढच्या हालचालीला पुन्हा सैल पडतो, म्हणून वास दिवाळीच्या आसपास येतो. तोवर ओसरत्या पावसाने माती सुकू लागलेली असते.

याशिवाय सांधा बंद करायला आट्यांत भरतात तो सफेदा आणि सूत. पाण्याच्या लाइनवर सूत ओलं राहतं, फुगतं आणि सांधा धरून ठेवतं. एलपीजी कोरडा असतो. त्यात सूत वाळतं, आक्रसतं, आणि वर्षा-दोन वर्षांत आट्यांतून वाट मोकळी होते. गॅसच्या सांध्याला गॅससाठीचाच सीलंट किंवा गॅसची जाड टेप लागते. नळाच्या फिटिंगची पातळ पांढरी टेप इथे चालत नाही.

म्हणून माझा नियम एकच आहे: आट्याचा एकही सांधा जमिनीत नको. पाइप कुठल्याही धातूचा असो. हा नियम पाळला तर खाली जे पर्याय देतो त्यातला कुठलाही वर्षानुवर्षं चालतो, आणि नाही पाळला तर सगळ्यात महाग पाइपही दिवाळीला वास देतो.

मग अंगणातून काय न्यायचं

जमिनीतून न नेणं, हे माझं पहिलं उत्तर. कंपाउंडची भिंत घरापासून गॅरेजपर्यंत सलग असेल तर जी.आय.चा सी क्लास पाइप भिंतीवरून, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, क्लॅम्पवर न्या. डोळ्यांसमोर राहतो, साबणाचं पाणी लावता येतं, गंज दिसतो. क्लास ओळखायला पाइपावरचा पट्टा बघायचा: पिवळा म्हणजे ए, हलका; निळा म्हणजे बी, मध्यम; लाल म्हणजे सी, जड. आयएस १२३९ हा शिक्का असतो. इतवारीत लोहा ओळीला गेलात तर कापलेल्या तुकड्यावर पट्टा नसतो, म्हणून पूर्ण सहा मीटरची नळी बघूनच घ्या आणि समोर कापून घ्या.

भिंतीवरच्या लाइनला ऊन लागतं हे धरून चाला. जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत पाइपाच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो, आणि २० मीटर लोखंड तेवढ्यात एक सेंटिमीटरहून जास्त लांबतं. क्लॅम्प गच्च आवळले तर ते सगळं टोकाच्या एल्बोवर जातं. क्लॅम्पमध्ये पाइप सरकायला जागा ठेवा आणि मध्ये कुठेतरी एक वळसा द्या. पिवळा ऑइलपेंट, खाली रेडऑक्साइड. कूलरच्या खालून लाइन नेऊ नका. चार महिने पाणी ठिबकून तिथला रंग आधी जातो आणि मग जस्त.

भिंत नसेल, मध्ये गाडीचा रस्ता असेल, तर जमिनीतून जावंच लागतं. तिथे माझी पसंती पिवळ्या गॅसच्या पॉलिथिलीन पाइपाला, ज्याला बाजारात एमडीपीई म्हणतात. गंजत नाही, काळ्या मातीबरोबर वाकतो, आणि कॉइलमध्ये येत असल्यामुळे घर ते गॅरेज एकच अखंड तुकडा टाकता येतो. त्यावर आयएस १४८८५ छापलेलं असलं पाहिजे. शेतीच्या दुकानात मिळणारा निळ्या रेषांचा काळा एचडीपीई पाण्याचा असतो, तो नको. यूपीव्हीसी, सीपीव्हीसी तर नावही काढू नका. चिकटवलेले सांधे आणि ठिसूळ नळी गॅसला कशी चालेल? तरी मी गॅरेजच्या मागे असं टाकलेलं पाहिलंय.

पॉलिथिलीनच्या तीन अटी आहेत. एक, ऊन. हा पाइप फक्त जमिनीत. वर येतो तिथे कारखान्यात बनलेलं पॉलिथिलीन-टू-स्टील जोड वापरायचं आणि जमिनीबाहेर फक्त लोखंडच दिसलं पाहिजे. दुकानाबाहेर उन्हात पडून फिका झालेला रोल घेऊ नका. दुसरी अट सांध्याची: हा पाइप विजेच्या मशिनवर वितळवून जोडतात. ते मशिन आणि ते शिकलेला माणूस नसेल तर मध्ये सांधाच ठेवू नका. तव्यावर गरम करून जोडणारे आहेत. त्यांना चहा पाजून परत पाठवा. तिसरी, तो लोखंडाच्या दहापटीहून जास्त आकुंचन-प्रसरण पावतो, म्हणून खंदकात ताणून सरळ न टाकता थोडा नागमोडी टाकायचा आणि माती सकाळी गार असताना लोटायची.

खंदक किमान दोन-अडीच फूट, गाडी जात असेल तर तीन. खाली-वर वीतभर बारीक वाळू किंवा मुरूम, काळी माती नाही. वर फूटभर अंतरावर पिवळी इशारापट्टी, म्हणजे पुढे कुणी खणलं तर पाइपाआधी पट्टी दिसेल. पॉलिथिलीन मेटल डिटेक्टरला सापडत नाही, त्यामुळे सोबत एक तांब्याची इन्सुलेटेड तारही टाका. विजेची केबल त्याच खंदकात नको, मिस्त्री कितीही म्हणाला "एकाच खणण्यात होऊन जाईल" तरी.

पाइप गॅरेजच्या फरशीखालून आत काढू नका. भिंतीबाहेर वर आणा, तिथे बॉल व्हॉल्व्ह लावा, मग जमिनीच्या वरून भिंतीतून आत घ्या. भिंतीत मोठ्या नळीची स्लीव्ह; तिचं आतलं तोंड बंद, बाहेरचं मोकळं. गळला तर गॅस अंगणात जाईल, गॅरेजात नाही.

तांब्याबद्दल लोक विचारतात. तांब्याची कॉइल अखंड येते, काम सुबक होतं, घराच्या आत छान आहे. पण एसीवाल्याकडची पातळ नळी गॅसला वापरतात तिथे मी नाही म्हणतो, आणि अंगणात उघड्यावर तांबं टाकलं तर भंगारवाला तुमच्याआधी त्याची काळजी घेतो. स्लीव्हमधून पुरायचं असेल तर जाड नळी, मध्ये सांधा नाही, हाच नियम. त्यापेक्षा खरी अडचण तिच्या मापाची आहे.

ज्योत बारीक असेल तर

इथे पुन्हा नळीचं पाणी कामाला येतं. गॅरेजातले सगळे बर्नर पूर्ण लावा आणि दाब दोन ठिकाणी बघा: रेग्युलेटरजवळ आणि शेगडीजवळ. रेग्युलेटरजवळच दाब कोसळला असेल तर दोष रेग्युलेटरचा किंवा सिलिंडरचा. रेग्युलेटरजवळ ठीक आणि मागे खूप कमी, तर पाइप बारीक आहे. दोन्हीकडे ठीक आणि तरी ज्योत पिवळी-बारीक, तर शेगडीचं जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोक, साफ करा. तेवढ्यावरच काम झालेलं मी बरेचदा पाहिलंय, आणि लोक तोवर अंगण उकरून बसलेले असतात.

पाइपाच्या मापात आधी एक गोंधळ दूर करा. जी.आय. आतल्या मापाने ओळखला जातो, तांब्याची नळी आणि पॉलिथिलीन बाहेरच्या मापाने. २० मिलिमीटरच्या पॉलिथिलीनमध्ये गॅसला जागा १४ मिलिमीटरच्या आसपास मिळते. ३२ मिलिमीटरच्यात २६ मिळते. आणि व्यास दुप्पट केला तर गॅस दुप्पट नाही, सुमारे साडेपाचपट जातो. उलटही तेच: थोडा बारीक घेतला की फार मोठा फटका बसतो.

घरगुती शेगडीचा मोठा बर्नर ताशी दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस खातो. आता २० मीटर लांबी धरा आणि वाटेत दाब एक सेंटिमीटर पाण्यापेक्षा जास्त पडू द्यायचा नाही असं ठरवा. दोन सूती, म्हणजे पाव इंची, तांब्याची नळी असला एक बर्नरही ओढू शकत नाही. तीन सूती जेमतेम दोन. अर्ध्या इंची जी.आय. मात्र ताशी दोन किलोच्या वर देतो, म्हणजे घरगुती शेगड्यांना भरपूर. पाऊण इंची दिला तर कॅटरिंगच्या भट्ट्यांचीही सोय होते. भट्टीचा खप तिच्या पाटीवर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. सगळ्यांची बेरीज करा, मग पाइप ठरवा. प्रत्येक अर्ध्या इंची एल्बो अर्धा मीटर लांबी वाढवल्यासारखा धरा. पॉलिथिलीनमध्ये डब्यांच्या धंद्याला मी सरळ ३२ टाकतो. फरक थोड्या पैशांचा असतो, खणण्याचा खर्च तोच.

शहरात काही भागांत पाइपचा गॅस येतोय, पुढेमागे तुमच्याकडेही येईल. त्याचा घरातला दाब कमी, २१ मिलिबार म्हणजे साधारण २१ सेंटिमीटर पाण्याइतका असतो, आणि सारख्याच पाइपातून, सारख्याच दाब-घटीला, तो एलपीजीच्या दोन तृतीयांशच्या आसपास उष्णता आणतो. आजच एक माप वरचं घ्या. जोडणी मात्र कंपनीच्याच माणसाकडून, आणि तेव्हा शेगडीचे जेटही बदलावे लागतात.

थंडीतली तक्रार

डिसेंबरात रात्री पारा ८-१० अंशांवर आला की दोन गोष्टी होतात. एक, सिलिंडरमधला गॅस कमी वेगाने उकळतो. एकाच सिलिंडरवर चार भट्ट्या लावल्या तर त्याच्या अंगावर आधी दव आणि मग बर्फाची पांढरी किनार दिसते, आणि ज्योत बसते. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं हा उपाय नाही. दोन सिलिंडर एकत्र जोडा, म्हणजे प्रत्येकावरचा ताण निम्मा होतो. दोन, काही कॅटरर सिलिंडरचा थेट दाबच लांब लाइनमधून नेतात आणि भट्टीजवळ कमी करतात. त्या दाबाला गार पाइपात गॅसचं पुन्हा द्रव होतं आणि भट्टी मध्येच भडकते. दाब सिलिंडरपाशीच कमी करा. ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला नागपूरच्या थंडीत पाइपात द्रव होत नाही.

लाइनच न टाकण्याचा पर्याय

खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी मी लाइन टाकू नका म्हणतो. सिलिंडर गॅरेजच्याच बाहेर, छोट्या जाळीच्या कोठडीत ठेवा; हवा खालून-वरून मोकळी, गटाराचं चेंबर जवळ नको, ऊन थेट नको. मग पाइप दोन-तीन मीटरचा उरतो आणि अंगणाचा प्रश्नच मिटतो. गाडीवाल्याला मागपर्यंत आणायला चार पैसे द्यावे लागतील, ते खणण्यापेक्षा स्वस्त पडतात.

डब्यांचा किंवा ऑर्डरींचा धंदा असेल तर सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिकच लागतो. घरातला १४.२ किलोचा धंद्याला जोडणं २००० सालच्या एलपीजी आदेशानुसार गुन्हा आहे. एका जागी १०० किलोपर्यंत एलपीजीला साठवणुकीचा परवाना लागत नाही, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. त्यावर जायचं असेल तर पेसोची, म्हणजे केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा संघटनेची, परवानगी. त्यांचं मुख्यालय आपल्याच शहरात, सेमिनरी हिल्सला आहे. नियम ऐकीव माहितीवर चालवायचं नागपुरात तरी कारण नाही.

शेगडीपाशी शेवटचा मीटरभर रबराची नळी येते. ती सुरक्षा नळी, आयएसआय मार्क असलेली, दीड मीटरपेक्षा लांब नाही, भिंतीतून नेलेली नाही, आणि तिच्यावर छापलेली तारीख उलटून गेलेली नाही, एवढं बघा. पाच वर्षांनी बदलायची असते. लाइन नवी टाकून नळी जुनीच लावलेली मला नेहमी सापडते.

लाइन झाल्यावर

माती लोटण्याआधी चाचणी. शेगडी आणि रेग्युलेटर काढून दोन्ही टोकं बंद, पंपाने हवा भरायची. ऑक्सिजनचा सिलिंडर जवळ आहे म्हणून तो लावणारे वेल्डर असतात. पाइपात तेलाचा अंश असला तर ऑक्सिजनने पेट घेतो, म्हणून सरळ नाही म्हणा. मिस्त्री "दहा मिनिटं काटा हलला नाही" म्हणेल, पण लाइन चोवीस तास दाबाखाली ठेवा आणि पहाटे, काल ज्या वेळी आकडा लिहिला त्याच वेळी पुन्हा बघा. मगच वाळू टाका.

आणि वाळू टाकण्याआधी मोबाइलवर खंदकाचे फोटो काढा, सोबत मोजपट्टी धरून: कंपाउंडच्या भिंतीपासून किती फूट, खोली किती, वळण कुठे. तो कागद मीटरच्या डब्यात चिकटवा. पुढच्या उन्हाळ्यात बोअरवाला किंवा केबलवाला दारात उभा राहिला की त्याला तोंडी सांगण्यापेक्षा तो कागद हातात द्या.